बग की सीआर? वापरसुलभता टीमबाहेर कशी राहिली

वाळूज-चिकलठाण्यातले सुट्या भागांचे कारखाने, लातूर-नांदेडकडच्या पतसंस्था, साखर कारखाने आणि जिनिंग ही मराठवाड्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर टीमची नेहमीची गिऱ्हाइकं. काम ठरावीक रकमेचं असतं. एसआरएसवर, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करावं याच्या लेखी दस्तऐवजावर, सही होते, कोडिंग होतं, यूएटी, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः वापरून घेतलेली चाचणी, होते आणि शेवटचा हप्ता मिळतो. या क्रमात वापरसुलभता, म्हणजे वापरणाऱ्याची सोय, पाहणाऱ्या डिझाइनरला कुठे बसवायचं यावर आजही वाद होतात. त्यांचं मूळ बरंच मागे आहे.

दोन संशोधकांनी १९८५ मध्येच तीन तत्त्वं मांडली होती: वापरणाऱ्याकडे सुरुवातीपासून लक्ष द्या, त्याला प्रत्यक्ष काम करायला लावून मोजा आणि दिसलेल्या चुका सुधारून पुन्हा मोजा. हीच विचारसरणी १९९९ मध्ये १३४०७ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात आली. पण आपल्याकडच्या करारांवर छाप पडली ती एसआरएस कसा लिहावा हे सांगणाऱ्या ८३० क्रमांकाच्या अमेरिकी मानकाची. प्रत्येक गरज तपासता येण्याजोगी हवी, असा त्याचा आग्रह. तपासता न येणाऱ्या वाक्याचं उदाहरण म्हणून त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत चांगल्या मानवी इंटरफेसचाच उल्लेख आहे. सल्ला रास्त होता. मोघम वाक्याऐवजी मोजता येईल असं वाक्य लिहायचं होतं. प्रत्यक्षात वाक्यच गळालं आणि वापरसुलभता एसआरएसमधून नाहीशी झाली.

एखादी तक्रार म्हणजे बग (सॉफ्टवेअरमधला दोष) की चेंज रिक्वेस्ट, म्हणजे सीआर (ठरलेल्या कामाबाहेरचा बदल), हा वाद इथून सुरू होतो. साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. गळीत हंगामात बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असते. कारकून शेतकऱ्याचा कोड, गाडी नंबर आणि वजन भरून सेव्ह करतो. त्यानंतर कर्सर पहिल्या रकान्यात परत येत नाही, म्हणून दर गाडीला माउस उचलावा लागतो. एसआरएसमध्ये लिहिलेलं असतं, ‘वजनाची नोंद करता यावी.’ नोंद होते, टेस्टर ‘पास’ लिहितो. कारखाना म्हणतो हा बग आहे, फुकट दुरुस्त करा. टीम म्हणते ही सीआर आहे, वेगळे पैसे लागतील. दोघंही कागदाला धरून बोलत असतात. रांग मात्र लांबतच जाते आणि शेवटी कारकूनच त्या त्रासाला सरावतो.

माझ्या मते यात टीमची बाजू लंगडी आहे. ज्या वर्षीच्या आवृत्तीत ते उदाहरण आहे, त्याच १९९८ मध्ये ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने वापरसुलभतेची व्याख्या दिली: ठरावीक वापरकर्त्याला, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती अचूक, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने गाठता येतं. ‘हंगामी कारकुनाला एका गाडीची नोंद माउसला हात न लावता पूर्ण करता यावी’ हे वाक्य कुठलाही टेस्टर तपासू शकतो. ते एसआरएसमध्ये असतं तर कर्सरचा दोष निःसंशय बग ठरला असता. साधन हाताशी होतं. ते करारात उतरवायचं काम कुणी आपलं मानलं नाही.

पुढे २००१ मध्ये सतरा जणांनी अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा काढला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एकात व्यवसायातली माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं असं म्हटलंय. डिझाइनरचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून मग डिझाइनने कोडिंगच्या एक स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक छोटा टप्पा, पुढे चालावं, हा तोडगा निघाला. मोठ्या टीमला तो जमला. एकच डिझाइनर तीन प्रोजेक्ट सांभाळतो तिथे मात्र तो फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या आराखड्याची लिंक पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. डेमोला तो नसतो, यूएटीच्या तक्रारी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मराठी लेबलं तर सर्वांत शेवटी येतात. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत वेलांट्या आणि उकार कापले जातात.

शेतकऱ्यांना वापरसुलभतेचा हा विषय कळला तो ई-पीक पाहणी या सरकारी ॲपमुळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून करायची असं ठरलं. सोयाबीनमध्ये तूर घेणाऱ्या मराठवाड्यात मिश्र पिकाची नोंद हा कळीचा मुद्दा. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली आणि चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. इतका बदल एका वर्षात झाला, हे मला मोलाचं वाटतं.

वापरसुलभतेच्या अशा तक्रारी वेगळ्या यादीत न टाकता बगच्याच यादीत ठेवायच्या आणि त्यांना शून्य ते चार अशी तीव्रता द्यायची, ही पद्धतही जुनीच आहे. अडचण किती जणांना येते, किती अडवते आणि सरावाने जाते की टिकते, यावरून आकडा ठरतो. वजनकाट्याच्या कर्सरला तीन तरी द्यावा लागेल. तो आकडा देण्यासाठी कुणाला तरी हंगामात काट्यावर जाऊन बसावं लागतं आणि त्या दिवसांचा खर्च अजूनही बहुतेक कोटेशनमध्ये धरलेला नसतो.