अँडीजमधली तुटलेली ओळ

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर प्रत्येक जागृत ज्वालामुखीला लाल ठिपका द्या. अँडीजच्या कण्यावरून ठिपके कोलंबिया, इक्वेडोर असे खाली येतात आणि मग ओळ तुटते. पुढचे सुमारे 1,500 किलोमीटर ठिपका नाही. पेरूचं सर्वोच्च शिखर, 6,768 मीटरचं वास्करान, याच टापूत आहे. पण ते ज्वालामुखी नव्हे. दक्षिण पेरूत ओळ पुन्हा सुरू होते.

वर डोंगर तोच, मग फरक कुठला? फरक खाली आहे.

पॅसिफिकच्या तळाची नाझ्का प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा एक मोठा तुकडा, इथे खंडाखाली सरकते. ती स्वतः थंड असते, सहसा वितळत नाही. तिच्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. साधारण 100 किलोमीटर खोलीवर दाब-उष्णतेने ते सुटतं आणि वरच्या तापलेल्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या थरात, शिरतं. ओला खडक कोरड्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. झाला शिलारस तयार!

पेरूच्या या ठिपके नसलेल्या टापूखाली मात्र प्लेट तेवढ्या खोलीवर जाऊन चक्क आडवी होते. तिच्यावर स्वार होऊन नाझ्का रिज ही समुद्रतळावरची जाड डोंगररांग खाली शिरते आहे. जाड कवच हलकं, म्हणून सहज बुडत नाही. एकट्या रिजने एवढी मोठी प्लेट आडवी होते का, यावर वाद आहे. प्लेट आडवी झाली की वरच्या गरम प्रावरणाला जागाच उरत नाही. मग वितळणार काय?

उलटा प्रकार कॅरिबियनमध्ये. तिथे अटलांटिकचा तळ खाली जातो आणि त्यावर लांबलचक जुन्या भेगा आहेत. भेगांतून झिरपलेल्या समुद्राच्या पाण्याने तळाखालच्या प्रावरणातल्या खडकाचं सर्पेंटाइन होतं: हिरवट, बोटाला गुळगुळीत लागणारा, सापाच्या कातडीसारखा ठिपकेदार दगड. हात कोरडाच राहतो, पण त्याच्या वजनात सुमारे 13 टक्के पाणी असतं.

हे पाणी ज्वालामुखीपर्यंत पोचतं, हे कळलं बोरॉनमुळे. लाव्हातल्या स्फटिकांत शिलारसाचे सूक्ष्म थेंब काच होऊन अडकलेले असतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या थेंबांमधल्या बोरॉनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासलं, तेव्हा सर्पेंटाइनची खूण बेटांच्या रांगेच्या मधल्या भागात सर्वांत ठळक निघाली. अवघ्या 47 किलोमीटर लांबीचं, तरी 9 ज्वालामुखी बाळगणारं डॉमिनिका तिथेच आहे.

नाझ्का रिज प्लेटच्या चालीला तिरकी आहे. त्यामुळे ती किनाऱ्याखाली जिथे शिरते, ती जागा गेली लाखो वर्षं हळूहळू दक्षिणेला सरकते आहे. त्याच दिशेला पुढे एल मिस्ती आणि सबानकाया हे दक्षिण पेरूतले ज्वालामुखी उभे आहेत.