माळ्यावरचं धनुष्य आणि रिकामी दोरी

'जुन्या धनुष्याचा दम बघायचा तर बाण न लावता दोरी ओढून सोडा.' हे बऱ्याच वर्षांपासून फिरतंय. पटण्यासारखंही आहे, कारण आवाज खणखणीत येतो.

पण ओढताना साठलेली ताकद एरवी बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती पात्यांत, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजूंत, परत शिरते. जुन्या रिकर्व्हची, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची, पाती लाकूड आणि फायबरग्लासचे थर गोंदाने चिकटवलेली. पुण्यातल्या माळ्यावर कित्येक पावसाळे काढलेला तो गोंद अशा एका झटक्यात सुटू शकतो.

दोरी चढवण्याआधी पात्यांच्या कडांवरून कापूस फिरवा. अडकला की तिथे चीर किंवा सुटलेला थर. मग टोकाकडून एक डोळा मिटून पीळ बघा. पात्यावर '४५' आणि '२८' दिसलं तर २८ इंच ओढीला ४५ पौंड जोर, अनुक्रमांक नव्हे. आणि दोरी डॅक्रॉनचीच, म्हणजे थोडं ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची. नव्या, न ताणणाऱ्या दोऱ्या जुनी टोकं फोडू शकतात.