उष्णस्थिर तैलरंग

उष्णस्थिर तैलरंग : हवेत न वाळता केवळ उष्णतेने पक्के होणारे चित्रकलेचे रंग. कलावंतांच्या बोलीत त्यांना ‘हीट सेट ऑइल’ म्हणतात. ‘जेनेसिस’ या नावाने मिळणारे रंग यातले सर्वांत परिचित. जिवंत बाळासारखी दिसणारी व्हिनाइलची (मऊ प्लास्टिकची) ‘रीबॉर्न’ बाहुली रंगवण्यासाठी ते विशेष वापरले जातात. अशा बाहुल्या बनवण्याचा छंद १९९०च्या दशकात अमेरिकेत रुजला.

नावात ‘तैल’ असले, तरी नेहमीचे तैलरंग आणि हे रंग यांची जात वेगळी. जवसाच्या तेलात खललेला रंग हवेतला प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि रंगावर कठीण पापुद्रा येतो. त्याला काही दिवस लागतात, थर जाड असेल तर आठवडे. उष्णस्थिर रंगात असे हवेत वाळणारे तेल हा पाया नसतो. रंगद्रव्य कृत्रिम राळेत (रेझिनमध्ये) कालवलेले असते. असा रंग पॅलेटवर झाकून ठेवला, तर महिनोन्‌महिने ओलाच राहतो. म्हणून ‘रंग वाळला का?’ हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. रंग कच्चा आहे की पक्का, एवढेच पाहायचे. टी-शर्ट छपाईतली प्लास्टिसोल शाई ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तीही हवेत वाळत नाही, तापवूनच बसवावी लागते.

रंग पक्का होण्यासाठी तो सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत (२६५ अंश फॅरनहाइट) तापून काही मिनिटे त्या तापमानात राहावा लागतो. हे तापमान रंगाच्या थराचे, भट्टीतल्या हवेचे नव्हे. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. ओव्हनच्या बटणावर १३० लावले म्हणजे आत १३० झालेच असे नाही. घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे आत ठेवायचा स्वतंत्र तापमापक हा या कामातला सर्वांत उपयोगी खर्च. जाड वस्तू किंवा धातूचा पत्रा स्वतःच उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तिथे वेळ जास्त लागतो. हेअर ड्रायरने काम भागत नाही, मायक्रोवेव्हचा तर विचारही करू नये. कॅनव्हाससाठी हीट गन (खूप गरम हवा फेकणारे हातातले यंत्र) वापरतात, पण ती एका जागी धरून न ठेवता सतत फिरवायची. रंग जास्त तापला, तर त्याला फोड येतात किंवा तो काळवंडतो.

बाहुलीच्या गालाचे काम पाहिले की या रंगाची खरी मौज कळते. थिनर (रंग पातळ करणारा द्रव) घालून अगदी पातळ केलेला लालसर रंग मेकअपच्या स्पंजाने टिपत टिपत लावायचा. ब्रशचा ओरखडा दिसला की कातडीचा भास संपला. थिनर उडून गेले, की बाहुलीचा तो सुटा अवयव ओव्हनमध्ये सुती कापडावर ठेवायचा. तापलेल्या धातूला व्हिनाइल टेकू द्यायचे नाही. साधारण आठ मिनिटांनी बाहेर काढावा तर व्हिनाइल मऊ पडलेले असते, बोट दाबले तर खळगा पडेल. म्हणून थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मग निळसर शिरांचा थर, पुन्हा ओव्हन. नखांभोवतीची लाली, पुन्हा ओव्हन. दहा-वीस थर सहज होतात. पक्का झालेला थर थिनरने निघत नाही. त्यामुळे वरचा थर बिघडला, तर तेवढाच पुसून टाकता येतो आणि खालची मेहनत शाबूत राहते. जवसाच्या रंगात ही सोय मिळवायला आठवडाभर थांबावे लागते.

पक्केपणा तपासायची रीत सोपी आहे. ओला रंग चमकतो, पक्का झाला की ती ओलसर झळाळी जाते. तरीही शंका असेल, तर थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एखाद्या आडबाजूला घासून पाहावा. बोळ्याला रंग लागला, तर थर अजून कच्चा आहे. शेवटी व्हार्निशचा हात देतात, तेही भाजूनच बसणारे. त्वचेसाठी बिनचमकीचे आणि ओठांना किंचित चमकीचे व्हार्निश वापरतात.

सतत ओला राहणारा हा रंग धुळीला मात्र बोलावणेच देतो. पंख्याखाली उघडा ठेवलेला गाल तासाभरात बारीक तंतूंनी भरतो, आणि भाजला की ते तंतूही पक्के! काम थांबवले, की वस्तू झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे. ब्रश मात्र विसरला तरी कडक होत नाही, थिनरने सावकाश धुता येतो.

तापलेल्या रंगाचा आणि व्हिनाइलचा धूर श्वासात जाऊ नये, म्हणून ओव्हन खिडकीजवळ किंवा गॅलरीत ठेवतात. या कामाचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) वेगळा हवा. त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही.