होमाई व्यारावाला आणि दिलीप चित्रे (बडोदा)

डायस्पोरा, म्हणजे मूळ गाव सोडून दुसरीकडे रुजलेला समाज, म्हटलं की आपल्याला डायरेक्ट न्यू जर्सी आठवतं, पण बडोद्याचे मराठी लोक स्वतःच एक डायस्पोरा आहेत, अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग आले आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यात रुजले, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की गुजराती. या गावाशी नातं असलेली ही दोन नावं, एक कवी, एक फोटोग्राफर. दोघांनी मिळून काही केलं असं नाही, पण दोघांचं करिअर स्थलांतरातच घडलंय.

चित्रे (17 सप्टेंबर 1938 – 10 डिसेंबर 2009) जन्मले बडोद्यात. वडील पुरुषोत्तम चित्रे तिथूनच 'अभिरुची' मासिक काढायचे, म्हणजे गुजरातेत बसून मराठीतलं नवं लेखन छापायचं, हा उद्योगच मुळात डायस्पोरावाला. 1951 मध्ये बिऱ्हाड मुंबईला गेलं. 1960 ला 'कविता' हा पहिला संग्रह, मग तीनेक वर्षं इथिओपियात मास्तरकी, 1975 नंतर अमेरिकेत आयोवा. 1980 च्या 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' या इंग्रजी संग्रहात वडिलांवरची ती फेमस कविता आहे: उशिराची लोकल, भिजलेले कपडे, चिखलाचा रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली बॅग, घरी पांचट चहा नि शिळी पोळी. बहुतेक जण ती जनरेशन गॅपची कविता म्हणून वाचतात आणि शेवट सोडून देतात, तो म्हातारा झोपेत पूर्वजांचा आणि अरुंद खिंडीतून या उपखंडात शिरणाऱ्या भटक्यांचा विचार करत असतो, आणि माझ्या मते खरी कविता तिथेच आहे. चित्र्यांना सरळ मुंबईचा कवी म्हणून टाकतात ते म्हणूनच मला पटत नाही. 1994 मध्ये 'एकूण कविता-1' आणि तुकारामाचा इंग्रजी अनुवाद, दोन्हींसाठी साहित्य अकादमीने गौरवलं.

होमाईंचं (9 डिसेंबर 1913 – 15 जानेवारी 2012) उलटं, त्या बडोद्यात आल्या उतारवयात. जन्म नवसारीचा, पारशी घर, म्हणजे इराणातून आलेल्यांची लेक, वडील फिरत्या नाटक कंपनीत, त्यामुळे बालपणही फिरतीवरच. मुंबईत जे.जे. मध्ये शिक्षण, सुरुवातीचे फोटो नवरा माणेकशॉच्या नावाने छापून यायचे, 1942 पासून दिल्ली. देशातल्या पहिल्या महिला फोटोजर्नालिस्ट. गाडीच्या 'डीएलडी 13' नंबरवरून 'डालडा 13' हे टोपणनाव पडलं. फाळणीच्या निर्णयाची बैठक, माउंटबॅटनचा निरोप, 1956 मध्ये नथुला खिंडीतून सिक्कीममध्ये उतरणारे दलाई लामा, सगळं त्यांनी टिपलं. दलाई लामा तेव्हा पाहुणे होते, निर्वासित नंतर झाले, हे माहीत असल्यावर तो फोटो वेगळाच दिसतो. 1970 मध्ये फोटोग्राफी सोडली ती सोडलीच, नव्या फोटोग्राफर मंडळींची वागणूक त्यांना सहन होईना. पिलानीला मुलाकडे राहिल्या, 1982 मध्ये त्याच्याबरोबर बडोद्यात आल्या, 1989 ला तो वारल्यावर तिथेच एकट्या, बागकाम करत. पद्मविभूषण मिळालं 2011 ला, तोवर कॅमेरा ठेवून चाळीस वर्षं झाली होती.