होडीच्या ट्रेलरला नवे ब्रेक: गोव्यात परवानगी कशी घ्यावी, कागदपत्रे कोणती

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी होते, त्याला स्वतःची आरसी असते. होडी किंवा जेट-स्की गाडीमागे ओढणारे अनेकजण हे विसरतात आणि थेट गॅरेज गाठतात. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना मागचा भार गाडीला ढकलत असतो. तेव्हा ट्रेलरला स्वतःचे चांगले ब्रेक हवेतच. पण पाना हातात घेण्याआधी वाहतूक खात्याकडे अर्ज करा.

प्रत्येक कामाला परवानगी लागत नाही. झिजलेले लायनर, गंजलेला ड्रम, तुटलेली केबल काढून त्याच मापाचे नवे बसवले, तर ती दुरुस्ती. बिल जपून ठेवा. वाहनाचे मूळ स्वरूप बदलेल असा रचनेतला बदल म्हणजे कायद्याच्या भाषेत फेरफार. बिनब्रेकच्या ट्रेलरला ब्रेकवाला अ‍ॅक्सल घालणे किंवा ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्या पुढे ढकलण्यानेच लागणारे) काढून इलेक्ट्रिक ब्रेक बसवणे या कामांआधी खात्याला विचारलेच पाहिजे. जड अ‍ॅक्सलमुळे रिकाम्या ट्रेलरचे वजन बदलते आणि ते आरसीवर नोंदलेले असते.

इथेच बहुतेकांचे अडते. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल, असा बदल कलम ५२ करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून माझा आग्रह असा, की ट्रेलरच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला ब्रेक संच घ्या आणि तसे लेखी पत्र मागा. ऑनलाइन मागवलेला कुठलाही संच लोहाराकडून वेल्ड करून घेतलात, तर कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. आरसी आणि विमा चालू हवा, कर भरलेला हवा, ट्रेलर धंद्यासाठी असेल तर फिटनेसही. घरी बनवलेल्या, नोंदणीच नसलेल्या ट्रेलरसाठी हा मार्ग नाही; त्याचा प्रश्न आधी नोंदणीचा आहे.

सोबत मूळ आरसी, विमा, कराची पावती, ओळख व पत्त्याचा पुरावा, चासी नंबरचा पेन्सिलछाप, उत्पादकाचे पत्र आणि ब्रेक संचाचे चाचणी प्रमाणपत्र ठेवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य वाहन-चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असले की प्रश्न कमी येतात. ट्रेलर कर्जावर असेल तर बँकेची लेखी संमती हवीच.

पणजीत वाहतूक खात्याचे कार्यालय आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, डिचोली, पेडणे इथेही कार्यालये आहेत. तुम्ही राहता त्या भागाचे तुमचे. फेरफाराचा अर्ज परिवहन पोर्टलवरून भरता येतो, पण उत्पादकाचे पत्र घेऊन एकदा निरीक्षकांना प्रत्यक्ष भेटा. ते नाही म्हणाले तर संचाचे पैसे तरी वाचतील.

परवानगी मिळून काम झाले की १४ दिवसांच्या आत खात्याला कळवून, शुल्क भरून आरसी नोंदीसाठी द्यायची. तपासणीला ट्रेलर तो नेहमी ओढणाऱ्या गाडीलाच जोडून न्या, कारण इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर गाडीत असतो. जोड सुटला तर ट्रेलर आपोआप थांबवणारी ब्रेकअवे केबलही लावलेली असू द्या.

संच निवडताना खाऱ्या पाण्याचा विचार आधी करा. शापोरा किंवा मांडवीत होडी उतरवताना चाके बुडत असतील, तर इलेक्ट्रिक ब्रेकचे चुंबक आणि वायरिंग लवकर खराब होते. तिथे गंजरोधक डिस्क बऱ्या, आणि त्याही प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. नवे ब्रेक आले म्हणून भार मात्र वाढवता येत नाही. आरसीवर लिहिलेले एकूण वजन तेच राहते. नवी नोंद झालेल्या आरसीची प्रत विमा कंपनीला लेखी पोच घेऊन द्या.