रेजेक्समधले प्रश्नचिन्ह आले कुठून?

सोलापूरचे जुने दप्तर संगणकावर धुंडाळताना पहिली अडचण नावांचीच येते. इंग्रजी कागदांत गावाच्या नावात कुठे 'एस'नंतर 'एच' आहे, कुठे नाही. विद्यापीठ २००४ मध्ये निघाले ते 'सोलापूर विद्यापीठ' म्हणून. २०१९ मध्ये त्या नावापुढे सुरुवातीला 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर' हे शब्द जोडले गेले. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात शब्द शोधण्यासाठी नमुना लिहून देण्याच्या पद्धतीत, दोन्हींवर उपाय एकच. 'एच'पुढे प्रश्नचिन्ह टाकले की ते अक्षर असले तरी चालते, नसले तरी चालते. विद्यापीठासाठी कंस लागतो:

(पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर )?सोलापूर विद्यापीठ

'होळकर'नंतरची मोकळी जागा कंसातच हवी. ती बाहेर राहिली, तर ओळीच्या सुरुवातीला आलेले नुसते 'सोलापूर विद्यापीठ' हाती लागत नाही.

हे चिन्ह मुळात नव्हतेच. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्यांचा गणिती अभ्यास करताना रेजेक्समागची मूळ कल्पना मांडली. ती प्रसिद्ध झाली १९५६ मध्ये. तिच्यात क्रिया तीनच: हे किंवा ते, एकामागून एक आणि पुन्हा पुन्हा. 'असो वा नसो' हे पुढे 'हा भाग किंवा काहीच नाही' असे लिहून भागायचे, त्यामुळे सिद्धांताचे काही अडत नव्हते.

अडले ते रोज शोधणाऱ्यांचे. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये अशा शोधाची झटपट पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे युनिक्स या संगणक प्रणालीसाठी 'ग्रेप' हा मजकुरात शोधणारा प्रोग्राम लिहिला. पण त्या ग्रेपमध्ये 'पुन्हा पुन्हा'साठीचा तारा (*) होता, प्रश्नचिन्ह नव्हते आणि 'किंवा'ही नव्हते. आल्फ्रेड आहो यांच्या 'ईग्रेप'ने ही उणीव भरून काढली. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत प्रश्नचिन्ह, 'एकदा किंवा अधिक वेळा' सांगणारे अधिक चिन्ह, 'किंवा'साठीची उभी रेघ आणि कंस सगळे मिळाले. माझ्या मते सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची भर हीच. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९२ च्या पॉझिक्स मानकाने जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती ठेवल्या. म्हणून आजही साध्या ग्रेपला प्रश्नचिन्ह हे नुसते प्रश्नचिन्हच वाटते.

मराठीसाठी आणखी एक धागा महत्त्वाचा आहे. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीतली देवनागरी १९८८ च्या भारतीय 'इस्की' संकेतपद्धतीवर बेतलेली आहे आणि तिच्यात वेलांटी हा स्वतंत्र संकेत आहे. कंस नसेल तर प्रश्नचिन्ह फक्त आपल्या लगेच आधीच्या संकेताला लागू होते. त्यामुळे 'चादरी?' लिहिले की 'चादर' आणि 'चादरी' दोन्ही सापडतात. पण 'सोलापूरची?' लिहिले तर ऐच्छिक ठरते ती फक्त वेलांटी. 'च' सक्तीचाच राहतो आणि नुसते 'सोलापूर' निसटते. तिथे 'सोलापूर(ची)?' असेच लिहावे लागते.