नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला येताय?

आमच्या पक्षी-सहलीसाठी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पक्षी कधी असतात?" नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे आम्ही सांगतोच. पण खरं तर विचारायला हवं ते हे, की सध्या पाणी किती आहे?

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर पार कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती भिजते. दर पावसाळ्यात नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, त्यातून बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. साठवणीच्या हिशेबाने हा तोटाच, पक्ष्यांचं मात्र फावलं. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली.

वरच्या धरणांतून शेतीसाठी आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचं पाणी, सुटलं की जलाशय चढतो. मग बदकं लांब, मधोमध तरंगतात आणि दुर्बिणीशिवाय ठिपकेच दिसतात. आवर्तन संपून पाणी ओसरलं की काठाचा चिखल उघडा पडतो. शेकाटे, चमचे, चित्रबलाक, मोर शराटी असे चिखलात चोच घालून खाणारे सगळे मग जवळ येतात. त्यामुळे एकाच महिन्यात आठवड्याच्या अंतराने आलेल्या दोन कुटुंबांना दोन वेगळी तळी पाहायला मिळतात.

नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी? आमचं मत, हळदीकुंकू बदकापासून. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके; एकदा पाहिलं की नाव विसरत नाही. त्यानंतर वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि चालतात तेही दिंडीसारखे घोळक्याने. जांभळी पाणकोंबडी पाणगवतात हमखास सापडते. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवरून चालतो, तो लहान मुलांना फार आवडतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. क्रौंच पाण्यापेक्षा आजूबाजूच्या शेतांत बघायचे, सकाळी त्यांचे थवे डोक्यावरून ओरडत जातात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसलेच तर नशीब समजा. त्यांची हमी आम्ही देत नाही आणि कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर. आम्ही अंधारातच निघतो, कारण चापडगावच्या बाजूला सूर्योदयाला पोहोचलं की पुढचे तीन तास सोन्याचे असतात. दहानंतर ऊन चढतं, पक्षी सुस्तावतात, माणसंही. चालणं सपाट वाटेचं आहे, आजी-आजोबांनाही झेपेल. मध्ये निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्यावर धावत चढू नका, लाकूड-लोखंडाचा आवाज पाण्यावरून लांब जातो. वाटाड्या आम्ही गावातलाच घेतो. कुठल्या बाभळीवर काल मोरघार बसली होती, हे त्यालाच ठाऊक असतं.

थंडीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. राज्यातला नीचांकी पारा म्हणून बातम्यांत निफाडचं नाव येतं, ते उगाच नाही. स्वेटर, कानटोपी, बंद बूट हवेतच. कपडे मातकट किंवा हिरवे घाला. मागे एकदा एक पाहुणे लालभडक जाकीट घालून आले. त्या दिवशी सगळ्यांनी पक्षी उडतानाच पाहिले.

नौकाविहार, पोहणं, मासेमारी यांतलं काही आमच्या सहलीत नाही. ड्रोन आणू नका. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या काळात तर तो निव्वळ छळ आहे. सायकल आणायची असेल तर आधी सांगा, आसपासच्या गावांतले रस्ते त्यासाठी छान आहेत. फक्त संध्याकाळी उसाच्या कडेने एकटं रेंगाळू नका. या भागात उसात बिबटे असतात; ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही, गावकरीही तेच पाळतात.

दुर्बिणी आम्ही देतो, दोघांत एक. नाश्त्याला शेतावरची भाकरी, पिठलं, ठेचा. द्राक्षांचा हंगाम असेल तर परतीच्या वाटेवर बागेत थांबतो. मध्यमेश्वराच्या जुन्या मंदिरात जायचं असेल त्यांनी तसं सकाळीच सांगावं, म्हणजे वेळ बसवता येते. अभयारण्याचं प्रवेश शुल्क आमच्या दरात धरलेलं नाही, ते तिथेच भरायचं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही गावातून पाण्याची खबर घेतो आणि तुम्हाला कळवतो. पाणी फार चढलेलं असेल तर तारीख पुढे ढकला, त्याचे जादा पैसे लागत नाहीत.